एकोणीस तासांची बांधणी

ऑक्टोबर सरत आला की बारामतीत एक सकाळ अशी उजाडते, की खिडकी उघडताच हवेत गोडसर, जळका, जरा आंबूस वास येतो. मळीचा वास. चहूबाजूंनी साखर कारखाने असलेल्या गावात हा वास कुठल्या दिशेनं आला हे कुणी विचारत नाही. बायको म्हणते, "लागला हंगाम." मी हूं म्हणतो आणि खिडकी ओढून घेतो. तिला वाटतं, मला वासाचा त्रास होतो. त्रास वासाचा नाही. त्या वासाबरोबर माझ्या कानात एक पंखा सुरू होतो. पत्र्याच्या डब्यातला, धूळ खाल्लेला, घरघरणारा पंखा.  पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तो पंखा काही थांबत नाही.

तो पंखा इंदापूरच्या अंगाला असलेल्या एका कारखान्याच्या संगणक विभागातला. विभाग म्हणजे एक खोली. पूर्वी तिथं बारदान ठेवायचे. पावसाळी दिवसांत भिंतींना अजून तागाचा वास यायचा. त्या खोलीत एक मोठा संगणक, आणि त्यातून निघालेल्या आठ वायरी भिंतीला भोक पाडून बाहेर गेलेल्या. कुठली शेतकी कार्यालयात, कुठली वजनकाट्यावर. गाडी काट्यावर चढली की वजन त्या वायरीतून आत यायचं आणि पावती छापून बाहेर जायची. मी त्या यंत्राचा ऑपरेटर होतो. सव्वीस वर्षांचा, नववीतून शाळा सोडलेला.

माझं गाव अकोल्याच्या पुढं, कारंज्याजवळ. कपाशीचा मुलूख. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. पुस्तकं कपाटावर ठेवली आणि जिनिंगमध्ये जळालेल्या मोटारींना नवी तार बांधायला लागलो. पुढं वजनकाटे बसवणाऱ्या एका माणसाबरोबर वायरमन म्हणून इकडं आलो. काटा बसवून तो माणूस गेला आणि मी राहिलो, कारण पाटसकर साहेबांनी मला संगणकाचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचताना पाहिलं होतं. पाटसकर साहेब संगणक विभागाचे प्रमुख. पुण्यात इंजिनिअर झालेले, बोलायला कमी. त्यांनी माझा नोकरीचा फॉर्म स्वतः भरला. शिक्षणाच्या रकान्याशी पेन थांबलं. मी खाली बघत होतो. त्यांनी रकान्यात लिहिलं, "अनुभव". मग शाई वाळेपर्यंत कागद हलवत राहिले. त्या एका शब्दावर मी आजवर जेवतो आहे. माणूस एवढा ऋणी असला की त्याची झोप हलकी होते. दारावर कुणी टकटक केली की मला वाटायचं, आले, आता दाखला मागणार.

त्या वर्षी गोची अशी झाली. आधीच्या हंगामात काट्यावरून येणाऱ्या वजनातला एखादा आकडा मधेच गळायचा. कळस गावचे एक आबा पावती माझ्या टेबलावर आपटून म्हणाले होते, "माझा ऊस हालका न्हाय, तुमचं यंत्र हालकं हाय!" आबांचं खरं होतं. आठ वायरी जिथं जोडल्या होत्या ते कार्ड आणि संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम यांचं जुळत नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम. आमची सिस्टीम फुकट मिळणारी, आणि तिचं मूळ लिखाण, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तेही बरोबर मिळायचं. नव्या लिखाणात ती चूक दुरुस्त झाली होती. साहेबांनी पुण्याहून सीडी मागवल्या. पण लिखाण म्हणजे सिस्टीम नव्हे. ती हजारो पानं यंत्रानं एकेक वाचायची, त्यांचं आपल्या भाषेत रूपांतर करायचं, तुकडे जोडायचे, तेव्हा सिस्टीम उभी राहते. याला आम्ही बांधणी म्हणायचो. आमच्या यंत्राला बांधणीला एकोणीस तास लागत.

आणि एकोणीस तास सलग वीज कुठं होती? हंगामात कारखाना स्वतःची वीज स्वतः करतो. उसाचा चोथा जळतो, टर्बाईन फिरतं, दिवे झगझगतात. पण हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही इतरांसारखेच बाहेरच्या तारेवर जगायचो. दिवसातून दोनदा वीज जायची, कधी तीनदा. बॅटरीवर वीस मिनिटं निघत, मग पंखा गप्प. म्हणजे टर्बाईन फिरल्याशिवाय बांधणी होणार नाही, आणि बांधणी झाल्याशिवाय काटा सुरू होणार नाही, आणि काट्याशिवाय हंगाम कसला? साहेबांनी हे एकदा फळ्यावर गोल काढून दाखवलं आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. त्या गोलात मी होतो.

कारण खिशात शोभाचं पत्र होतं. शोभा माझी धाकटी बहीण. निळ्या आंतर्देशीय पत्रावर बोरूसारखं जाड अक्षर. "दादा, कोजागिरीले साखरपुडा ठरला हाय. बाबा नाहीत, तूच मोठा. तू आल्याबिगर मी पाटावर बसत नाही, सांगून ठेवते." तीन वर्षं मी घरी गेलो नव्हतो. साहेबांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "अरे, जायलाच पाहिजे. सिस्टीम उभी राहिली की त्याच दिवशी निघ." किती साधं वाक्य. मी ते दिवसातून शंभरदा मनात म्हणायचो आणि पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी बघत बसायचो.

नवरात्र बसलं तेव्हापासून मी बांधणी लावत होतो. अकरा तास, वीज गेली. सात तास, वीज गेली. प्रत्येक वेळी साहेबांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे पहिल्या आज्ञेपासून सुरुवात. पहिली आज्ञा होती, आधीचं सगळं पुसून टाक. मी दर वेळी आज्ञाधारकपणे पुसत होतो. बाहेर रस्त्यानं ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागल्या होत्या. ट्रॅक्टरवर संसार, कुत्री, कोंबड्या, वर बसलेल्या बाया. आपलं घर मागं सोडून आलेली ती माणसं कशी मोठमोठ्यानं बोलत होती! मी खोलीत, खिडकीला जाळी.

अष्टमीला दुपारी तीनला बांधणी लावली आणि नवल म्हणजे वीज गेलीच नाही. नवमीची सकाळ उजाडली तरी ओळी सरकत होत्या. अठरा तास होत आले. मी अंघोळीला खोलीवर गेलो, तासाभरात परत आलो, तर खोली शांत. संगणकाला झेंडूचा हार, पडद्यावर हळदी-कुंकवाची पाच बोटं, कळफलकावर उसाचं कांडं, पुढं उदबत्ती. बाजूला माझे पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर ओळीनं मांडलेले. आणि हात जोडून उभे तात्या.

तात्या आमच्या विभागाचे शिपाई. घर कळसचं, पूर्वी मेंढरं राखणारं. आता दोन एकर ऊस आणि ही नोकरी.

"तात्या, यंत्र कुणी बंद केलं?"

"मीच की. आज खंडेनवमी न्हवं? आज हत्याराला राबवायचं नसतंय. बैलाला जू न्हाय, कोयत्याला ऊस न्हाय, आन् ह्या बिचाऱ्याला तुमी काल दुपारपासनं पळिवताय. म्हनलं घटकाभर इसावा घिऊ द्या त्येला."

"आणखी एक तास हवा होता! तात्या, तुम्ही माझं वाटोळं केलंत."

एवढा मोठा माणूस, पण तोंड एकदम लहान झालं. त्यांनी पुन्हा एकदा हात जोडले, मला नव्हे, यंत्राला, आणि बाहेर गेले. मी खुर्चीत बसून राहिलो. झेंडूच्या वासानं मला घर आठवलं, आणि मी वडिलांच्या वयाच्या माणसाला काय बोललो तेही.

दुपारी तात्या फडक्यात भाकरी आणि तिळाची चटणी घेऊन आले. समोर ठेवली. म्हणाले, "आपरेटर, रागावला असाल तर खाऊन रागवा. आन् मला एक सांगा, ह्यो डबा आत करतोय तरी काय?"

मी सांगितलं. हजारो पानं, एकेक वाचायची.

"आन् लाईट गेली की?"

"पुन्हा पहिल्या पानापासून."

"का म्हून?"

"पहिली आज्ञाच तशी आहे. आधी झालेलं पुसून घ्यायचं."

"कोन म्हनतं?"

"कागदावर लिहिलंय."

तात्या हसले. पान खाल्लेले दात दिसले. "आमी मेंढरं कातरायचो. तीनशे डोकी असायची. मधीच पाऊस आला की पळापळ, वाड्यात समदी एकात एक. म्हून कातरल्यालं मेंढरू सोडताना पाठीवर गेरूचा टिळा लावायचा. पाऊस उघडला की बिनटिळ्याचं धरायचं. कातरल्यालं पुन्हा कातराय कुनी येडंच बसंल."

मी भाकरीचा घास हातात धरून बसलो. जाड पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलं होतं की पुसण्याची पायरी गाळता येते. मी ते वाचलं होतं. शब्दकोशातून अर्थही काढला होता. पण साहेबांच्या कागदावर पुसायचं होतं, आणि नववीतून आलेल्या माणसानं कागदाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. शिकलेला माणूस चुकला तर चूक म्हणतात. माझ्यासारखा चुकला तर म्हणतात, तरीच.

दसऱ्याला मी पहिली आज्ञा गाळली.  बांधणी दोन तास चालली, वीज गेली, आली, पुन्हा लावली. आणि यंत्रानं पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली! तात्यांची तीनशे मेंढरं पुन्हा बिनटिळ्याची. मी फायलींची यादी काढून एकेक ओळ बघत गेलो, आणि एका ठिकाणी डोळे थांबले. तारीख. सकाळी तयार झालेल्या फायलींवर सन १९८० होतं.

यंत्राच्या पोटात एक छोटी बॅटरी असते. वीज नसताना तिच्यावर घड्याळ चालतं. ती कधीची मेली होती. हंगामात पावतीवर तारीख लागते म्हणून मी रोज सकाळी तारीख घालायचो. हंगाम संपल्यावर कोण घालतो? वीज गेली की यंत्र मागं १९८० मध्ये जाऊन पडायचं. बांधणी करणारा प्रोग्राम टिळा म्हणून तारीखच बघतो. तुकडा लिखाणापेक्षा नवा असेल तर सोडून द्यायचा, जुना असेल तर पुन्हा करायचा. आमचा आज केलेला तुकडासुद्धा त्याला सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा दिसत होता. कितीही केलं तरी जुनं. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी बॅटरी आणायला बारामतीला गेलो. भिगवण चौकाच्या पुढं एका बोळात घड्याळवाला होता, डोळ्याला भिंग लावलेला. मी मेलेली बॅटरी पुढं केली.

"घड्याळ कुठाय?"

"आणता येत नाही. डोक्यावर घ्यावं लागंल एवढं आहे."

त्यानं भिंगातून माझ्याकडं पाहिलं. "किती मागं पडतंय?"

"अठरा वर्षं."

"मग दुरुस्तीला लवकर आणलं म्हनायचं," तो म्हणाला आणि डबा उघडला. मी बऱ्याच दिवसांनी हसलो. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. लासुर्ण्याकडं उसाला तुरे फुटले होते आणि वाऱ्यानं सगळं शिवार एका बाजूला झुकत होतं. वाटलं, जमतंय. मी घरी जातोय.

भीती एकदा मोडली की हात सुटतो. मग मी यादी घेऊन बसलो. सिस्टीमबरोबर खेळ यायचे, ते गाळले. परदेशी भाषांची पुस्तकं, आमच्याकडं नसलेल्या यंत्रांचे चालक प्रोग्राम, सगळं गाळलं. काटा चालवायला ते कशाला? लिखाण एका डिस्कवर ठेवलं आणि तयार माल दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे यंत्राला एकाच दारातून ये-जा नको. स्टोअरचा संगणक हंगामाआधी नुसता बसून होता. साहेबांना विचारून त्याच्यातल्या मेमरीच्या पट्ट्या काढून आमच्यात लावल्या. जागा वाढली तशी यंत्राची तगमग थांबली. द्वादशीला संध्याकाळी लावलेली बांधणी मधे वीज जाऊनही त्रयोदशीला दुपारी पुरी झाली. वीज नसलेला वेळ सोडला तर सहा तास. एकोणीसचे सहा! सिस्टीम बसवली, यंत्र सुरू केलं, काट्यावर तात्यांना उभं करून वजन घेतलं. पावतीवर आकडा पुरा आला. तात्या पावती घडी करून टोपीत ठेवत म्हणाले, "आयुष्यात पयल्यांदा कारखान्यानं माझं खरं वजन दिलं."

साहेब आले. त्यांनी पडदा बघितला, कागद बघितला, मग मला विचारलं, "सहा तास?" मी मान हलवली. "म्हणजे आता कुणीही लावू शकेल. शाब्बास. उद्या सकाळच्या गाडीनं निघ."

ते कौतुक होतं. मला पूर्ण कळत होतं की ते कौतुक आहे. पण त्यातला एकच शब्द माझ्या अंगात रुतला. कुणीही.

परवा माझ्या मुलीनं लॅपटॉपवर अशीच एक सिस्टीम मुळापासून बांधली. इंजिनिअरिंगला आहे ती. तिनं आज्ञा दिली, उठली, चहा ठेवला, मला कप आणून दिला, तोवर अर्धं झालं होतं. "बाबा, तुमच्या वेळी किती लागायचं?" मी म्हटलं, "एकोणीस तास." ती खो-खो हसली. "मग तुम्ही तेवढा वेळ करायचा काय?" काय सांगू तिला? त्या एकोणीस तासांत मी कुणीतरी होतो. लोक दाराशी येऊन हळू विचारायचे, झालं का हो? कामाला लागणारा वेळ हीच माझी पदवी होती, आणि ती मी माझ्या हातानं कापून सहावर आणली होती. पुढचे तासही कुणीतरी कापणार होतंच. पण तेव्हा हे असं मांडता येत नव्हतं. तेव्हा फक्त तो एक शब्द होता.

त्रयोदशीला संध्याकाळी मी पिशवी भरून ठेवली. शोभासाठी इंदापुरातून घेतलेली साडी, आईसाठी चष्म्याची दोरी. मग संगणकाच्या खोलीत परत गेलो आणि एकदा खात्री करावी म्हणून बांधणी पुन्हा लावली. पहिल्या पानापासून, सगळं पुसून. गरज नव्हती. सिस्टीम बसली होती, चालत होती. ही दुसरी बांधणी झाली काय, न झाली काय, कुणाचं काही अडत नव्हतं. मला ते माहीत होतं, हे मी इथं पहिल्यांदा लिहितोय. थोड्या वेळानं वीज गेली. सकाळी सहाला आली. मी तारीख तपासली, बरोबर होती. बांधणी पुढं चालू झाली. सातला दौंडची एसटी कारखान्याच्या गेटवर यायची. तिथून रेल्वे, मग मूर्तिजापूर, मग पुन्हा एसटी. ही गाडी चुकली तर कोजागिरी चुकली.

गेटवर हॉर्न वाजला. तात्या धावत आले. माझी पिशवी त्यांच्याच खांद्यावर होती. खोलीवरून त्यांनीच आणली होती.

"आपरेटर, चला! कंडाक्टर मास्तरला थांबिवलंय. त्यो म्हनतोय दोन मिंटं."

"तात्या, थोडं राहिलंय."

"काय ऱ्हायलंय? काल झालं न्हवं समदं?"

"खात्री करतोय. मधे काही चुकलं असलं तर?"

तात्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हॉर्न पुन्हा वाजला. "येक इचारू? तुमाला हितं कुनी बांधलंय? सायब तर जा म्हनत्यात. भ्याव कुनाचं हाय तुमाला?"

मी म्हणालो, "जाऊ द्या गाडी."

 त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली, नीट, साडीला चुणी पडू नये अशी. बाहेर गिअर पडल्याचा आवाज आला आणि गाडी गेली. मी ओळी बघत राहिलो. कृतज्ञतेच्या खोलीला कडी असते, आणि ती आतून लावता येते. त्या सकाळी दार उघडं होतं, माणूस पिशवी घेऊन उभा होता, गाडी थांबलेली होती. दुपारी बांधणी संपली. सगळं आदल्या दिवशी होतं तसंच. साहेब आले तेव्हा दचकले. "तू गेला नाहीस?" मी म्हटलं, "थोडं राहिलं होतं, सर." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एवढी शरम मला शाळा सोडतानाही वाटली नव्हती.

पौर्णिमेला दुपारी गेटजवळच्या फोनच्या खोक्यात उभा राहिलो. गावात आमच्या घराशेजारच्या दुकानात फोन होता. दुकानदारानं हाक मारली, बांगड्यांचा आवाज जवळ येत गेला.

"दादा?"

"झालं का गं?"

"झालं. काकानं बसवलं पाटावर. मी आयकत नव्हती, पण पावणे खोळंबले होते." मग तिनं विचारलं, "तुयं काम झालं काय रे?"

"झालं."

"कधी?"

"आत्ताच. तासभर झाला असंल."

"मले वाटलंच," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच उजळला. "नवरदेवाचा मामा इचारत होता, सख्खा भाऊ काहून नाही आला म्हणून. मी सांगतलं सगळ्याइले, माह्या दादाच्या हातानं तिकडं कारखाना चालू होते, तो कसा येईन? मंग कोनी काही बोललं नाही.  तिकडं चालू झाला ना रे कारखाना?"

मी काचेतून बाहेर पाहिलं. कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडून हंगाम सुरू व्हायला अजून बारा दिवस होते. रिकाम्या आवारात एक कुत्रं झोपलं होतं. काट्यावर कुणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "जोरात चालू आहे."